सध्या काय ऐकताय?

गाण्याच्या नादी लागलेली दोन माणसं रस्त्यात भेटली की प्रकृतीची चौकशी दोन वाक्यांत उरकते. गुडघे, साखर, परदेशातली नातवंडं. मग एक जण भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतो आणि विचारतो, ‘‘बाकी, सध्या काय ऐकताय?’’

‘‘मारवा. खाँसाहेबांचा.’’

‘‘अमीर खाँसाहेब? रेकॉर्डवरचा?’’

‘‘तोच.’’

‘‘मग तो काय आज ऐकताय? चाळीस वर्षं ऐकतोय की आपण!’’

‘‘ऐकतोय हो. पण या वेळी काहीतरी सापडलंय. एकदा या घरी, ऐकवतो.’’

बोलणं इथे थांबतं, कारण काय सापडलंय ते रस्त्यात उभं राहून सांगता येत नाही. घरी बसूनही सांगता येत नाही, फक्त ऐकवता येतं. मला या शेवटच्या शब्दाबद्दलच थोडं बोलायचं आहे.

‘ऐकणे’ या क्रियापदात एक ‘व’ शिरला की ‘ऐकवणे’ होतं. व्याकरणात अशा क्रियापदांना प्रयोजक म्हणतात, म्हणजे क्रिया दुसऱ्याकडून करवून घ्यायची. बसवणे, उठवणे, हसवणे, रडवणे. या सगळ्यांत करवणारा स्वतः ती क्रिया करत नाही. बसवणारा उभाच असतो. हसवणारा स्वतः हसला तर विनोद फसतो. ऐकवणारा मात्र ऐकतो. दुसऱ्याच्या बरोबरीने, पुष्कळदा त्याच्यापेक्षा जास्त कान देऊन ऐकतो. (या क्रियापदाला सुनावण्याचाही एक अर्थ आहे आणि काही संग्राहकांच्या घरी दोन्ही अर्थ एकाच संध्याकाळी अनुभवायला मिळतात. रेकॉर्ड चालू असताना चकली खाऊन बघा.)

आता ही गोष्ट विचित्र नाही का? ते ध्वनिमुद्रण त्याने पन्नास वेळा ऐकलेलं असतं. समेच्या आधी गायक कुठे श्वास घेतो, तबलजी कुठे हलकेच तोंड लावून जातो, सगळं त्याला पाठ असतं. एखादं पुस्तक आवडलं तर आपण ते मित्राला देतो आणि मोकळे होतो; तो वाचत असताना समोर स्टूल टाकून बसत नाही. मग गाण्याच्या बाबतीतच हा माणूस आपली संध्याकाळ का घालवतो?

याचं उत्तर मला डोंबिवलीत मिळालं. मिळालं तेव्हा ते उत्तर आहे हे कळलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ शनिवारी संध्याकाळी आम्हा दोन-तीन पोरांना गाणं ऐकायला बोलवायचे. दोन खोल्यांचं घर, भिंतीला टेकून सतरंजी, कपाटात कॅसेटी. पत्नी चहा देऊन आत जायच्या आणि आतून ऐकायच्या. गृहस्थ कॅसेट लावायचे, पण काय लावलंय ते सांगायचे नाहीत. राग नाही, गायक नाही, साल नाही. ‘‘नाव कळलं की तुम्ही नावच ऐकता,’’ असं त्यांचं म्हणणं. संपल्यावर सांगत. बटण दाबल्यावर ते यंत्राकडे पाठ करून बसायचे. त्यांचं तोंड आमच्याकडे असे. आम्हाला फार अवघडल्यासारखं व्हायचं. परीक्षेला बसल्यासारखं. मला वाटायचं, हे आम्हाला गाणं कितपत कळतं ते तपासताहेत.

ते तसलं काही तपासत नव्हते. ते वाट बघत होते.

गाणं ऐकणाऱ्या मराठी माणसाकडे एक शब्द आहे, ‘जागा’. ‘काय जागा घेतली!’ किंवा ‘ती जागा पुन्हा लावा’. जागा म्हणजे तान नव्हे, आलाप नव्हे, हरकत किंवा मुरकीही नव्हे. यांपैकी काहीही जागा होऊ शकतं. गायक वाटेने चाललेला असतो आणि एका ठिकाणी असा काही वळतो की ऐकणाऱ्याचा हात आपोआप वर जातो. जिथे हात गेला ती जागा. मैफलीत ती एकदाच येते. आली, लागली, गेली. ज्याला लागली त्याने मान हलवली, ज्याचं लक्ष पानाच्या तबकाकडे होतं त्याची ती हुकली. परत मागायची सोय नाही.

ध्वनिमुद्रणाने ही सोय केली आणि त्याच वेळी एक गोष्ट काढूनही घेतली. जागा पुन्हा ऐकता यायला लागली, पण ती येणार हे आता आधीच माहीत असतं. पहिल्या खेपेला ती अंगावर येते. दुसऱ्या खेपेला आपण तिची वाट बघतो. दहाव्या खेपेला स्टेशनवर ठरलेल्या गाडीला घ्यायला उभं राहिल्यासारखे उभे असतो. आनंद उणा होत नाही, कदाचित वाढतोही, पण तो दुसऱ्या जातीचा होतो. नवल संपलेलं असतं. ते स्वतःच्या कानांनी परत मिळवण्याचा मार्ग नाही. दुसऱ्याच्या कानांनी मात्र मिळतं. समोरच्याने ते ऐकलेलं नाही. त्या वळणावर त्याची मान हलते, भुवया वर जातात, आणि त्या क्षणी ऐकवणाऱ्यालाही ती जागा पुन्हा पहिल्यांदा लागते. डोंबिवलीचे गृहस्थ आमचे चेहरे बघायचे ते यासाठी. ते आमच्यावर उपकार करत होते असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं तर आमचे कान ते दोन तास उसने घेत होते.

ही गरज ध्वनिमुद्रणाबरोबर जन्मली असं मात्र नाही. त्याआधीचे लोकही ऐकवत, पण स्वतःच्या गळ्याने. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, म्हणजे तबकड्यांचं युग ऐन भरात असताना होते, आणि त्यांचंही काही नाही. ज्यांनी त्यांना ऐकलं होतं अशी म्हातारी माणसं सांगताना मध्येच थांबत आणि थरथरत्या आवाजात, अर्धवट सुरात, ‘बुवा इथून असे यायचे’ म्हणून दोन स्वर लावून दाखवत. त्या दोन स्वरांत बुवा कुठेच नसत. पण सांगणाऱ्याचा हात मात्र अचूक ठिकाणी वर जाई. गाणं पोचत नसे, जागा कुठे होती एवढं पोचत असे. आज आपण त्या दोघांबद्दल जे आदराने बोलतो ते अशा हात वर करण्याच्या परंपरेवर. शिष्यांच्या गळ्यातून जे उतरलं ते वेगळं. मी श्रोत्यांच्या घराण्याबद्दल बोलतोय.

मग तबकडी आली. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जाननी ग्रामोफोनच्या कर्ण्यात गायलं आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितलं. कारण रूक्ष होतं. मूळ ठसे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे, तिथे तबकड्या निघायच्या, आणि तिथल्या कामगारांना कुठला ठसा कोणाचा ते कळावं म्हणून ही घोषणा. पण गंमत बघा, आधी गाणं, मग नाव. डोंबिवलीचा नियम पहिल्यावहिल्या तबकड्यांपासूनच पाळला गेला होता.

त्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन, फार तर साडेतीन मिनिटं. रात्रभर गाणाऱ्याला तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे शालू काडेपेटीत घालण्यासारखं, असं तेव्हाच्या जाणकारांना वाटे, आणि बऱ्याच गायकांच्या बाबतीत ते खरंही होतं. काही जणांनी मात्र काडेपेटीच्या मापाचं वस्त्र विणलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ही त्यातली. एका दुकानात वाजत असलेली ती तबकडी गदगच्या एका मुलाच्या कानावर पडली, आपल्याला असं गायचंय हे त्याच्या मनाने घेतलं आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला तो घरातून निघून गेला. पुढची कथा महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. ही गोष्ट आपण नेहमी भीमसेनांच्या बाजूने सांगतो. मला त्या दुकानदाराबद्दल कुतूहल आहे. गिऱ्हाईक यावं म्हणून त्याने तबकडी लावली असणार. समोरच्या मुलाचं तोंड त्याने बघितलं असेल का? बघितलं नसेल, तर विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा ऐकवणारा आपल्या बक्षिसाला मुकला.

बेळगावकडचा दुसरा एक मुलगा तर स्वतःच तबकडी झाला होता. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या जशाच्या तशा, खरखर वगळून, गाऊन दाखवायचा. लोक तोंडात बोट घालत. शिवपुत्र कोमकळी हे त्याचं नाव; आपण त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखतो. पुढे या माणसाने नक्कल संपूर्ण टाकून दिली आणि कुणासारखंच गायलं नाही. इतक्या लोकांच्या जागा इतक्या लहान वयात गळ्यातून काढून बघितल्यावरच स्वतःच्या सापडत असतील का, हा विचार मनात येतो. पण तो या लेखाचा विषय नव्हे.

रेडिओने सगळ्या देशाला एकाच वेळी ऐकवलं. १९५२ साली आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शनिवारी रात्री. सोमवारी कचेरीत पहिला प्रश्न, ‘‘परवा ऐकलंत?’’ ज्याने ऐकलं नाही त्याला ऐकवायची सोय नव्हती. त्याच्यापुढे फक्त हात वर करता येत असे, भास्करबुवांच्या श्रोत्यांसारखा.

खरा बहर आला तो कॅसेटीत. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं सगळं ऐकणं त्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून झालं.

आम्ही कॅसेट ‘घेत’ नसू, ‘भरून घेत’ असू. विहिरीवरून घागर भरून आणावी तसा हा शब्दप्रयोग. ज्याच्याकडे एखाद्या खासगी बैठकीचं ध्वनिमुद्रण आहे त्याच्याकडे कोरी कॅसेट द्यायची, साठची किंवा नव्वदची, आणि मग महिनाभर वाट बघायची. मागे लागायचं नाही. या भरण्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला नव्वद मिनिटंच लागत. दुप्पट वेगाने भरणारी यंत्रं पुढे आली. ती खऱ्या शौकिनाला मंजूर नसत. म्हणजे देणाऱ्याला ते गाणं आणखी एकदा ऐकावं लागे किंवा निदान पंचेचाळीस मिनिटांनी बाजू पालटायला हजर राहावं लागे. प्रत्येक प्रतीमागे कुणाचा तरी दीड तास असे. मग तो बॉलपेनने बारीक अक्षरात तारीख, गाव, तबल्यावर कोण, पेटीवर कोण ते लिहायचा, आणि चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठचे दोन चिमुकले प्लॅस्टिकचे तुकडे सुरीच्या टोकाने मोडायचा. तो कट्ट आवाज म्हणजे शिक्कामोर्तब.

प्रतीची प्रत, तिची प्रत, असं होता होता सोसाट्याच्या वाऱ्यात कुणी गातंय असं वाटण्याइतका सूं आवाज त्यात भरे. बाजू संपली की ख्याल मध्येच तुटे आणि दुसऱ्या बाजूला दोन-तीन आवर्तनं गेलेली असत. तो खड्डाही पाठ व्हायचा. तेच ध्वनिमुद्रण पुढे सीडीवर पूर्ण मिळालं तेव्हा खड्डा भरलेला ऐकून मला चक्क चुकल्यासारखं वाटलं होतं.

आणि देण्याची ती शपथ! ‘‘तुम्हाला म्हणून देतोय, पुढे कुणाला देऊ नका.’’ घेणारा गळ्याला हात लावून हो म्हणायचा आणि पंधरवड्यात त्याच शपथेसह दुसऱ्याला द्यायचा. या शपथेच्या जोरावर निम्म्या महाराष्ट्रात एकेक बैठक पोचली. कपाटाला कुलूप लावणारेही होते. माझ्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही, यात सुख मानणारे. अशा माणसाला मी संग्राहक म्हणेन, रसिक म्हणताना जीभ अडखळते. कुलूपवाल्याला तबकडी हवी असते. ऐकवणाऱ्याला चेहरा हवा असतो. पुष्कळ संग्राहक ऐकवणारेही होते हे मात्र सांगितलं पाहिजे. १९९० साली मुंबईत जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली ती एकत्र बसून ऐकण्यासाठीच.

तर, कॅसेटवाल्यांनी जागा नोंदवून ठेवायची एक युक्ती काढली होती. यंत्राला तीन आकडी मोजणी असे. सुरुवातीला शून्यावर आणायची आणि हवी ती जागा आली की आकडा वहीत टिपायचा. डोंबिवलीच्या गृहस्थांची अशी वही होती. ‘बाजू अ, ३४७’. ‘बाजू ब, ११२, पेटी बघा’. मी एकदा ती वही आणि कॅसेट दोन्ही मागून घरी आणली, आमच्या यंत्रावर ३४७ पर्यंत पळवली, आणि तिथे काहीच नव्हतं. साधा मुखडा. आमच्या यंत्राची मोजणी त्यांच्या यंत्राशी जुळत नव्हती. एकाचा ३४७ दुसऱ्याचा २९० असायचा.

आज ही अडचण उरलेली नाही. एखादा स्नेही रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर दुवा धाडतो, सोबत ‘२३:४० ऐका!!’ तेवीस मिनिटं चाळीस सेकंद जगातल्या प्रत्येक फोनवर तेवीस मिनिटं चाळीस सेकंदच असतात. आपण बोट सरकवून थेट तिथे जातो. ऐकतो. आणि तिथेही काहीच नसतं.

का नसतं, ते सांगायला मारव्याकडे यावं लागेल. अमीर खाँसाहेबांची ती प्रसिद्ध रेकॉर्ड, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात पंचम मुळीच नाही. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यावर सगळा डोलारा, मध्ये तीव्र मध्यम. आणि षड्ज, जो सगळ्या रागांचं घर, तो इथे टाळत टाळत घ्यायचा. खालच्या निषादावरून थेट रिषभावर जायचं, रिषभावरून परत निषादाशी यायचं. घराला प्रदक्षिणा चालू, उंबरठ्यावर पाय नाही. सूर्य बुडताना जी एक कारण नसलेली हुरहुर असते ती या न टेकण्यातून येते. खाँसाहेब तर आधीच सावकाश. अतिविलंबित लय, एकेका स्वराशी थांबायची तयारी, कुठे घाई नाही, टाळ्या मिळवायची इच्छा नाही. मिनिटांमागून मिनिटं ऐकणारा अधांतरी राहतो. आणि मग कधीतरी ते षड्जावर येऊन उभे राहतात. आरडाओरडा नाही, तान नाही. एक स्वर. संगीत शिकणारं लहान मूल पहिल्या दिवशी जो स्वर लावतं तोच.

ती जागा.

आता तुम्ही बोट सरकवून बरोबर त्या षड्जावर उतरलात तर काय ऐकाल? सा. शेजारची मुलगी सकाळी लावते तो सा. त्या षड्जाला किंमत आली ती मागच्या सगळ्या मिनिटांच्या उपासामुळे. उपास न करता सोडता येत नाही. म्हणून जागेचा पत्ता आकड्यात देता येत नाही. वहीतला ३४७ जुळला असता तरी तिथे काही सापडलं नसतं. ऐकवायचं म्हणजे नुसती जागा द्यायची नाही, तिच्यामागचा सगळा वेळ द्यायचा आणि तो वेळ समोरच्याने दिला नाही तर देणाऱ्याचं काही चालत नाही. डोंबिवलीचे गृहस्थ पूर्ण बाजू लावायचे, मध्ये बोलू द्यायचे नाहीत, चहा आधी उरकायचे, हे मला तेव्हा कर्मकांड वाटे. तो उपासाचा बंदोबस्त होता.

या न्यायाने तीन मिनिटांची तबकडी गाणारे काय करत होते तेही उलगडतं. त्यांना उपास आणि पारणं दोन्ही चहा निवायच्या आत उरकायचं होतं. करीम खाँसाहेब ते करू शकले. ज्यांना नाही जमलं त्यांच्या तबकड्यांत नुसते खांब आहेत, देऊळ नाही.

खासगी ध्वनिमुद्रणांत आणखी एक गोष्ट असते, जी स्टुडिओतल्या रेकॉर्डीत नाही. कुणीतरी ‘आहाहा’ म्हणतं. कुणी ‘क्या बात है’ म्हणतं, कुणी खोकतं, दूरवर रिक्षा जाते. तो ‘आहाहा’ म्हणणारा कोण, माहीत नाही. बहुधा हयात नसेल. पण तो आपल्या आधी त्या जागेला पोचला आहे आणि तिथून हात वर करून दाखवतो आहे. मी काही बैठका केवळ त्या अनोळखी माणसाच्या भरवशावर ऐकल्या आहेत. स्टुडिओतल्या रेकॉर्डीत हा माणूस नसतो. तिथे त्याचं काम ऐकवणाऱ्याने करायचं असतं, तेही तोंडातून अवाक्षर न काढता.

आतापर्यंत मी असं बोललो की जागा ऐकवणाऱ्याच्या खिशात असते आणि तो ती समोरच्याच्या हातावर ठेवतो. पूर्णपणे तसं नाही. एका शनिवारी त्यांनी मल्लिकार्जुन मन्सूरांचा एक निषादाचा बिहागडा लावला होता. पुढे कुठेतरी एक तान आहे, तिच्यासाठी सगळा घाट होता हे मला मागाहून कळलं. मन्सूरांचं गाणं म्हणजे एकातून एक निघणाऱ्या वाटा. कुठे थांबून बघावं म्हटलं तर ते पुढच्या वळणावर असतात, आणि सम अशी येते की ती आली हे ती गेल्यावर कळतं. तानेच्या बरंच आधी, एका साध्या आवर्तनात, मुखडा इतका सहज ठेक्यात येऊन बसला की माझ्या तोंडून ‘अरे!’ निघून गेलं. गृहस्थांच्या कपाळावर आठी आली. इथे? इथे काय आहे? क्षणभर ते तसेच बसले. मग नियम मोडून उठले, कॅसेट मागे घेतली आणि तेवढा तुकडा पुन्हा लावला. पुन्हा एकदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘अकरा वर्षं ऐकतोय हे.’’ ती तान त्या दिवशी आली आणि गेली. कुणाचंच लक्ष नव्हतं. पुढच्या शनिवारी वहीत नवा आकडा होता.

म्हणून ऐकवणाऱ्याला माणूस निवडून घ्यावा लागतो. फार जाणता नको, तो आधीच मान हलवून ठेवतो. अगदी कोरा नको, तो उपासालाच कंटाळतो. आणि हो ला हो करणारा तर मुळीच नको. त्याचा चेहरा खोटं बोलतो आणि उसनं घेतलेलं नवल नकली निघतं.

चेहरा दिसण्याची मुळीच शक्यता नसताना कुणी ऐकवेल का? ऐकवलं आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर आपल्या मैफिली कुणाला टिपू देत नसत, अशी त्यांची ख्याती. ध्वनिमुद्रणं मोजकी. त्यातली भैरवीची साडेतीन मिनिटांची एक तबकडी रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाच्या मनात घर करून होती. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचं संगीत पाठवायचं ठरलं तेव्हा भारतातून काय घ्यावं या प्रश्नाला त्याने तिचं नाव दिलं. ती तोवर बाजारात मिळेनाशी झाली होती. न्यू यॉर्कमधल्या एका भारतीय माणसाच्या दुकानात शोधून काढावी लागली. तांब्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर सत्तावीस तुकडे गेले, त्यांत केसरबाई. सोबत सुई दिली. वरच्या झाकणावर सुई कशी ठेवायची त्याचं चित्र कोरलं. एक फेरी ३.६ सेकंदांत झाली पाहिजे हे हायड्रोजनच्या अणूच्या मापात लिहिलं. ऐकवणाऱ्याने करावी तेवढी तयारी त्या लोकांनी केली. दुसरं यान २० ऑगस्टला सुटलं, पहिलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई मुंबईत गेल्या. पहिल्या यानाने २०१२ साली आणि दुसऱ्याने २०१८ साली सूर्याच्या प्रभावाची हद्द ओलांडली. मला या गोष्टीत ब्राउन आवडतो. त्याला समोर कुणाचाच चेहरा नको होता. ते गाणं कुणीतरी ऐकायला हवं, एवढंच.

माझ्याने तेवढं होणार नाही. मला चेहरा लागतो.

डोंबिवलीचे गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या कॅसेटींपैकी काही माझ्याकडे आल्या. वही आली नाही. यंत्राचा पट्टा दोनदा बदलला, अजून चालतं. मारवा मात्र माझ्याकडे रेकॉर्डवरच आहे, आणि रस्त्यात उभं राहून ‘काहीतरी सापडलंय’ म्हणणारा तो माणूस मीच. या वेळी काय सापडलं ते इथे लिहिणार नाही. घरी या. चहा आधी होईल. मारवा मी दिवेलागणीलाच लावतो, तेव्हा सहाच्या आत या, आणि फोन बाहेरच्या खोलीत ठेवा.